भोर संस्थान : उदय आणि राज्यव्यवस्थेचा पाया

भोर संस्थान : ब्रिटिश अमदानीतील मुंबई इलाख्यातील एक संस्थान. सातारच्या छत्रपतींच्या जहागीरदारांपैकी पंतसचिव घराण्याकडे त्याची सत्ता होती. क्षेत्रफळ सु. २,३९६ चौ. किमी. (९२५ चौ. मैल), लोकसंख्या १,३७,२६८ (१९०१). सह्याद्रीच्या माथ्यावरील मावळ खोरी आणि घाटाखालील कोकणाचा काही भाग असा दोन्ही अंगांचा मुलूख त्यात येई. राजधानी भोर हे गाव नीरा नदीच्या काठी वसले आहे. संस्थानाची स्थापना १६९७ मध्ये झाली, असे सामान्यतः मानले जाते. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले. मराठ्यांच्या इतिहासात भोरचे महत्त्व त्याच्या विस्तारापेक्षा त्याच्या उत्पत्तीत आहे. एखाद्या सरदाराने तलवारीने मुलूख जिंकून हे राज्य उभारले नाही. स्वराज्याच्या दरबारातील एका पदापासून ते उत्पन्न झाले. पदाचे वतन कसे झाले, वतनाचे राज्य कसे झाले आणि त्या राज्याचा आधार पुढे वेळोवेळी कसा बदलत गेला, हे भोरच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट कळते, तितके दुसऱ्या कोणत्याही लहान संस्थानावरून क्वचितच कळते.

स्थान व विभाग : संस्थानाचे पाच तालुके होते : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ व सुधागड. यांपैकी चारांची नावे किल्ल्यांवरून पडली आहेत. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. किल्ला हे मुलकी कारभाराचे केंद्र आणि त्याच्या भोवतीचा मुलूख हा त्याचा घेरा, या शिवकालीन रचनेची खूण या नावांत अखेरपर्यंत टिकून राहिली. पवनमावळात तुंग व तिकोना हे किल्ले येतात, तर सुधागड तालुका घाटाखाली पालीच्या परिसरात आहे. सुधागडावर भोराई देवीचे देऊळ आणि पंतसचिवांचा वाडा आहे. वरंध घाटाने भोरचा संबंध महाडशी जुळतो. पावसाळी भातशेती, उतारावरची वरकस जमीन, नाचणी व वरी ही पिके आणि डोंगरातील लाकूडफाटा यांवर बहुतेक रयतेचा निर्वाह होई. संस्थानी मुलखाचा मोठा भाग आज पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे तालुक्यांत मोडतो. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड असे ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला. सुधागड तालुका रायगड जिल्ह्यात आहे. शिवगंगेच्या खोऱ्यातील शिवरे यांसारखी पुणे–सातारा रस्त्यालगतची गावेही आज भोर तालुक्यातच आहेत.

पूर्वपीठिका : संस्थान निर्माण होण्यापूर्वी या प्रदेशात देशमुखांची सत्ता होती. बारा मावळांपैकी रोहिड खोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे ही खोरी या मुलखात येत. प्रत्येक खोऱ्याचा देशमुख वेगळा असे. रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे व उत्रवळीचे खोपडे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळिमकर, तर कानद खोऱ्यात मरळ ही घराणी होती. वरच्या राज्यकर्त्याचे नाव बदलले, निजामशाही जाऊन आदिलशाही आली, तरी खोऱ्यातील देशमुख सहसा बदलत नसे. महसूल गोळा करणे, शिबंदी बाळगणे व तंट्यांचा निवाडा करणे ही कामे तोच करी. सीमांवरून आणि वतनाच्या हक्कांवरून या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या रक्तपात चाले.

शिवाजी महाराजांनी स्वराज्याची उभारणी याच खोऱ्यांतून केली. देशमुखांपैकी काहींना त्यांनी सलोख्याने, तर काहींना बळाने आपल्या बाजूस आणले. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी (१६५९) वतन आणि स्वराज्यनिष्ठा यांतून एकाची निवड करण्याची वेळ या घराण्यांवर आली. कान्होजी जेधे यांनी वतनावर पाणी सोडून महाराजांचा पक्ष घेतला, असे जेधे घराण्याच्या करिन्यात नमूद आहे. खंडोजी खोपडे मात्र खानास मिळाला आणि पुढे त्यास कठोर शिक्षा झाली. वतन हा त्या काळी केवळ उत्पन्नाचा प्रश्न नव्हता. माणसाची निष्ठा कोणाकडे राहील, हे त्यावरून ठरत असे.

गोतसभा व महजर : या मुलखातील राज्यव्यवस्थेचा सर्वांत खालचा आणि सर्वांत जुना थर म्हणजे गोतसभा. वतनाचा, सीमेचा अथवा वाटणीचा तंटा उपस्थित झाला, म्हणजे खोऱ्यातील देशमुख, देशपांडे, गावोगावचे पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन व बलुतेदार एकत्र बसत. सरकारी अधिकारी उपस्थित असत, परंतु निर्णय त्यांच्या एकट्याचा नसे. प्रारंभी दोन्ही पक्षांकडून सभेचा निर्णय मान्य करण्याविषयीचा लेख घेतला जाई. त्यास राजीनामा म्हणत. तसेच वर्तणुकीबद्दल जामीन घेतले जात. एखाद्या पक्षास त्या सभेकडून न्याय मिळणार नाही असे वाटल्यास तो दुसरे थळ, म्हणजे निवाड्यासाठी दुसरे ठिकाण, मागून घेऊ शके. कागदपत्रे व साक्षी पाहून निर्णय होई. त्यानेही उलगडा न झाल्यास दिव्याचा अवलंब केला जाई. हरलेला पक्ष येजितखत लिहून देई, जिंकलेला सरकारात हरकी भरे आणि हरलेल्याकडून गुन्हेगारी वसूल होई.

निवाड्याचा जो लेख तयार होई त्यास महजर म्हणत. त्याच्या आरंभी हजर मजलिशीची, म्हणजे उपस्थितांची, नावनिशीवार यादी असे आणि लेखाखाली प्रत्येकाची निशाणी असे. पाटील नांगराची निशाणी काढी, शेटे-महाजन तराजूची; इतर बलुतेदार आपापल्या हत्याराची. लिहिता न येणारा मनुष्यही अशा रीतीने राज्यकारभाराच्या लेखात आपल्या संमतीची नोंद करी. सीमेच्या तंट्यात महाराची साक्ष विशेष महत्त्वाची मानली जाई, कारण गावाच्या शिवेची माहिती त्याच्याइतकी दुसऱ्या कोणास नसे.

या सभेस आजच्या अर्थाने लोकशाही म्हणता येणार नाही. तीत बसण्याचा अधिकार जन्माने व वतनाने ठरे; उपऱ्या कुळास आणि भूमिहीन मजुरास तीत स्थान नसे, आणि ज्याची साक्ष सीमेवर प्रमाण मानली जाई त्यास गावात मात्र शिवेबाहेर राहावे लागे. तथापि निर्णय अनेकांच्या समक्ष व्हावा, तो लेखी असावा आणि ज्यांना तो पाळावयाचा त्यांची त्यावर निशाणी असावी, ही तिची तीन तत्त्वे लक्षात घेण्याजोगी आहेत. राजा बदलला तरी महजर रद्द होत नसे. नव्या अमलात जुना महजर पुढे करून हक्क सिद्ध करता येई.

सचिवपद : शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सचिव, म्हणजेच सुरनीस, हे एक पद होते. राज्याभिषेकाच्या वेळी (१६७४) ते अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते. राजपत्रे तपासणे, त्यांतील अधिकउणे दुरुस्त करणे, पत्रावर आपल्या संमतीचे चिन्ह करणे आणि महालांच्या हिशेबांवर देखरेख ठेवणे ही सचिवाची मुख्य कामे होत. राजाज्ञा निघाली तरी ती सचिवाच्या नजरेखालून गेल्याशिवाय पूर्ण होत नसे. राजाच्या शब्दावर लेखी तपासणीचा हा निर्बंध लहान दिसतो, परंतु कारभार व्यक्तीच्या लहरीवर न ठेवता दप्तरावर ठेवण्याच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे होते.

या पदांविषयी महाराजांचे धोरण निश्चित होते. प्रधानांस रोख वेतन दिले जाई. पेशव्यास वर्षास १५,००० होन व सचिवादी प्रधानांस १०,००० होन असे त्याचे प्रमाण होते. पदाबद्दल मुलूख तोडून दिला जात नसे आणि पद वंशपरंपरागत नसे. देशमुखांचे जुने हक्क महाराजांनी नियमित केले, त्यांचे कोट व हुडे पाडले आणि वसुलाचे काम सरकारी कारकुनांकडे सोपविले. कृष्णाजी अनंत सभासद याने आपल्या बखरीत या व्यवस्थेचे वर्णन केले आहे. पद राजाच्या मर्जीवर अवलंबून असल्याचे दुसरे टोकही याच पदाच्या इतिहासात दिसते. संभाजी महाराजांविरुद्धच्या कटात सामील झाल्यावरून अण्णाजी दत्तो यांस १६८१ मध्ये सुधागडाच्या पायथ्याच्या परिसरात देहान्त शासन झाले. ज्या गडाच्या परिसरात पहिल्या सचिवाचा असा शेवट झाला, तोच गड पुढे सचिव घराण्याच्या राज्याचा एक तालुका व्हावा, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग होय.

शंकराजी नारायण व संस्थानाची स्थापना : संस्थानाचे मूळ पुरुष शंकराजी नारायण गांडेकर. संभाजी महाराजांच्या वधानंतर (१६८९) रायगड पडला, येसूबाई व शाहू मोगलांच्या कैदेत गेले आणि राजाराम महाराज कर्नाटकात जिंजीस गेले. मागे महाराष्ट्रात राज्य राखण्याची जबाबदारी रामचंद्रपंत अमात्य व शंकराजी नारायण यांच्यावर पडली. अमात्यांस ‘हुकुमतपनाह’ हा किताब होता, तर शंकराजींस ‘मदारुलमहाम’. खजिना रिकामा, राजा शेकडो कोसांवर आणि किल्ले शत्रूच्या ताब्यात, अशा स्थितीत शंकराजींनी मावळातील देशमुखांस पुन्हा एकत्र केले. राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले त्यांच्या प्रयत्नाने परत मराठ्यांकडे आले. औरंगजेबाने १७०३–०४ मध्ये सिंहगड, राजगड व तोरणा पुन्हा घेतले, परंतु तो येथून दूर जाताच सिंहगड व राजगड मराठ्यांनी परत मिळविले.

या लढ्याची किंमत राज्यव्यवस्थेस द्यावी लागली. औरंगजेब मराठा सरदारांना व देशमुखांना वतने देऊ करीत होता. रोख वेतन देण्यास दरबाराजवळ पैसा नव्हता. तेव्हा जो मुलूख सोडवील त्यास त्या मुलखात वतन अथवा सरंजाम मिळेल, असे आश्वासन देण्यावाचून राजाराम महाराजांपुढे दुसरा मार्ग नव्हता. शिवाजी महाराजांनी जे कटाक्षाने टाळले होते तेच आता राज्य वाचविण्याचे साधन झाले. १६९७ मध्ये सचिवपदासह मावळातील मुलूख शंकराजींकडे चालत आला आणि भोर संस्थानाचा पाया घातला गेला. याच वर्षी जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सभासदाने आपली बखर पूर्ण केली. जुनी व्यवस्था ज्या वर्षी ग्रंथात नोंदली गेली, त्याच वर्षी ती व्यवहारात मागे पडत होती.

या बदलाचा धोका तत्कालीन मुत्सद्द्यांस कळत नव्हता असे नाही. रामचंद्रपंतांच्या आज्ञापत्रात वतनदार हे राज्याचे भागीदारच असून राजसत्ता दुबळी होताच ते बलिष्ठ होतात, असा स्पष्ट इशारा दिला आहे. तथापि अमात्य घराण्यासही गगनबावड्याची जहागीर मिळाली, हे विसरता येत नाही. राज्यावरचे संकट निवारणाऱ्या माणसांकडूनच राज्याचे विभाजन झाले. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दोष निष्ठेचा नसून, निष्ठेचा मोबदला देण्यास दुसरे साधन न उरण्याचा होता.

१७०७ चा पेचप्रसंग : औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू सुटून आला आणि गादीचे दोन हक्कदार उभे राहिले. शंकराजींनी ताराबाईंशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली होती. खेडच्या लढाईत (ऑक्टोबर १७०७) शाहूचा जय झाला आणि त्याने शंकराजींस भेटीस बोलाविले. शाहू हा थोरल्या शाखेचा वारस. ताराबाईंशी केलेली शपथ मोडावी तर बेइमानी, पाळावी तर धन्याशी द्रोह. या पेचातून सुटका नाही असे पाहून त्यांनी आत्मघात केला, अशी परंपरा आहे. भोरजवळील आंबवडे येथे त्यांची समाधी आहे.

या घटनेकडे एका वृद्ध सेवकाची शोकांतिका म्हणूनच बहुधा पाहिले जाते. पण तीत राज्यव्यवस्थेचे एक मूलभूत वैगुण्य दिसून येते. सचिवाचा अधिकार राजाकडून आला होता, पण राजा कोण हे ठरविणारा सर्वमान्य नियम अथवा सभा नव्हती. खोऱ्यातील शेताच्या बांधाचा तंटा तोडण्यास गोतसभा होती. राज्याच्या वारसाचा तंटा तोडण्यास मात्र रणांगणाखेरीज स्थान नव्हते.

शाहूने या प्रसंगी मुत्सद्देगिरी दाखविली. शंकराजींचा मुलगा नारो शंकर बालवयात होता. त्यासच सचिवपदाची वस्त्रे देऊन शाहूने घराणे आपल्या बाजूस वळविले. राजकीय दृष्ट्या हा निर्णय शहाणपणाचा होता, परंतु राजपत्रे तपासण्याचे पद अक्षरओळख नसलेल्या बालकाकडे गेले. त्या क्षणी सचिवपद हे काम राहिले नाही, ती मालमत्ता झाली. प्रत्यक्ष कारभार आई येसूबाई व मुतालिक पाहू लागले.

पेशवेकाल : नारो शंकर लहान असताना हिंगणगावच्या दमाजी थोराताने त्यास पकडले. बाळाजी विश्वनाथाच्या खटपटीने त्याची सुटका झाली आणि त्याबद्दल सचिवांकडील पुरंदर किल्ला बाळाजीकडे गेला. पेशव्यांना पुण्याच्या परिसरात जे पहिले बळकट ठाणे मिळाले ते असे सचिवांच्या अडचणीतून मिळाले.

मोगल बादशाहाकडून १७१९ मध्ये चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्यानंतर उत्पन्नाची जी वाटणी ठरली, तीत सचिवास कायमचा हिस्सा होता. चौथाईचे १०० रुपये धरल्यास २५ रुपये राजबाबती म्हणून छत्रपतींचे, ६ रुपये साहोत्रा म्हणून पंतसचिवांचे, ३ रुपये नाडगौडा म्हणून छत्रपतींच्या इच्छेप्रमाणे द्यावयाचे आणि उरलेले ६६ रुपये ऐन मोकासा म्हणून सरदारांचे. साहोत्रा म्हणजे शंभरात सहा. अशा रीतीने सचिवाचे उत्पन्न त्याच्या मुलखाबाहेरही पसरले. एकाच गावचा वसूल अनेकांत वाटला गेल्याने सर्व सरदार परस्परांशी बांधले जातील, अशी यात अपेक्षा होती. पण प्रत्येक हक्काचा हिशेब वेगळा ठेवावा लागल्यामुळे गुंतागुंत व तंटेही वाढले.

शाहूच्या मृत्यूनंतर (१७४९) सत्ता पुण्यास एकवटली. १७५० मध्ये बाळाजी बाजीरावाने सचिवांकडून सिंहगड घेतला व त्याच्या मोबदल्यात तुंग व तिकोना हे किल्ले दिले. राजपत्रांचे मुख्य दप्तर पेशव्यांकडे गेले. संमतीच्या चिन्हाचे महत्त्व नाममात्र उरले आणि सचिव पदाने प्रधान, पण व्यवहारात मावळातील एक जहागीरदार एवढाच राहिला.

एक तुलना : अशाच काळात अटलांटिकपलीकडे, उत्तर अमेरिकेतील इंग्रजांच्या वसाहतींत, राज्यव्यवस्थेचा पाया घातला जात होता. त्या व्यवस्थेशी भोरची तुलना केल्यास दोहोंतील फरकाचे स्वरूप ध्यानात येते. तेथेही आरंभ राजाच्या सनदेनेच झाला. पहिल्या जेम्सने १६०६ मध्ये व्हर्जिनिया कंपनीस सनद दिली आणि १६१९ मध्ये त्या वसाहतीत निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. न्यू इंग्लंडमधील गावसभा आणि मावळातील गोतसभा यांत स्थानिक लोकांनी एकत्र बसून निर्णय घेण्याचे साम्य आहे. भेद पुढच्या पायरीत आहे. वसाहतींत गावसभेच्या वर प्रातिनिधिक सभा उभी राहिली. कर बसविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर तिने राजाशी भांडण मांडले आणि त्यातून १७७६ चे स्वातंत्र्य आले. मावळात गोतसभेच्या वर दरबार होता. गोतसभेचे प्रतिनिधी दरबारात जाऊन बसण्याची सोय कधी झाली नाही.

तेरा वसाहतींनी प्रारंभी जो सैल संघ केला (१७८१), तो कर वसूल करण्याचे सामर्थ्य नसल्यामुळे टिकला नाही. मराठा मंडळातील सरदारांप्रमाणेच तेथील घटक राज्येही सामाईक खर्चास हात आखडता घेत. १७८७ च्या संविधानाने ही उणीव दूर केली. तसेच सरदारकीचे किताब देण्यास मनाई केली, आणि राष्ट्राध्यक्षापासून सर्व निवडून यावयाच्या पदांस मुदत ठरवून दिली. भोरमध्ये त्याच सुमारास सचिवपद पित्याकडून पुत्राकडे निर्वेधपणे जात होते. मात्र अमेरिकेच्या त्या संविधानाने गुलामगिरी चालू ठेवली आणि तेथील मूळ रहिवाशांस नागरिक मानले नाही, हेही नमूद केले पाहिजे. गुलामगिरी नष्ट होण्यास १८६५ साल उजाडावे लागले. संमतीच्या तत्त्वावर उभारलेल्या राज्यातही संमती कोणाची विचारावयाची हा प्रश्न उरतोच. मावळातील महजर आणि फिलाडेल्फियाचे संविधान या दोहोंनाही तो लागू आहे.

इंग्रजी अमदानी : पेशवाई नष्ट झाल्यावर (१८१८) इंग्रजांनी प्रतापसिंहास साताऱ्याच्या गादीवर बसविले आणि १८२० मध्ये पंतसचिवांशी स्वतंत्र करार केला. सचिवाने आपला मुलूख साताऱ्याच्या छत्रपतींच्या सत्तेखाली पूर्ववत भोगावा आणि त्यास कंपनीची हमी असावी, असे त्याचे स्वरूप होते. ही ईस्ट इंडिया कंपनीही १६०० च्या राजसनदेने निर्माण झालेली एक व्यापारी संस्था होती. कंपनीची हमी मिळाल्याने भोरची सत्ता सुरक्षित झाली, पण तिचा आधार बदलला. याचा प्रत्यय लवकरच आला. दत्तक नामंजूर करून सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा करण्यात आले, तेव्हा ज्या गादीने सचिवपद दिले ती गादीच नाहीशी झाली. सचिव मात्र राहिला. प्रधान आहे पण राजा नाही, अशी ही विपरीत स्थिती होती. त्यानंतर पंतसचिव हे केवळ घराण्याचे अभिधान उरले. भोरचा संबंध प्रथम साताऱ्याच्या व पुढे पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यामार्फत मुंबई सरकारशी आणि १९३३ नंतर कोल्हापूर येथील रेसिडेंटामार्फत हिंदुस्थान सरकारशी राहिला. संस्थानिकास ९ तोफांच्या सलामीचा मान मिळाला.

शंकरराव चिमणाजी यांची कारकीर्द (१८७१–१९२२) दीर्घ होती. तालुक्यांस मामलेदार, नियमित न्यायालये, शाळा, दवाखाने व सडका ही आधुनिक कारभाराची अंगे या काळात रुजली आणि मुंबई इलाख्यातील कायदे थोड्याफार फरकाने लागू झाले. यांचा लाभ रयतेस झाला. त्याचबरोबर गोतसभेचे काम संपले. निवाडा आता न्यायाधीशाच्या सहीने होऊ लागला आणि नांगर, तराजू यांच्या निशाण्या दप्तराच्या रुमालांत बांधल्या गेल्या. कारभार अधिक शिस्तीचा झाला, पण त्यात रयतेस पूर्वी असलेले अल्पसे स्थानही उरले नाही. वेळवंडी नदीवरील भाटघर येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरण झाले, तेव्हा संस्थानात एकही प्रातिनिधिक सभा नव्हती. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या लॉइड धरणाने जलाशयाचा विस्तार पुष्कळच वाढला. त्याच्या पाण्याने नीरेच्या कालव्याखालील, संस्थानाबाहेरचा दुष्काळी प्रदेश बागाईत झाला. खोऱ्यातील जमीन मात्र पाण्याखाली गेली.

प्रजापक्षाची चळवळ : दक्षिणी संस्थानांतील प्रजेच्या हक्कांसाठी पुण्यास १९२१ मध्ये दक्षिणी संस्थान हितवर्धक सभा स्थापन झाली. गणेश रघुनाथ अभ्यंकर यांनी तिच्या कार्यात पुढाकार घेतला. लोकप्रतिनिधींना जबाबदार असलेला कारभार, संस्थानच्या उत्पन्नाचा प्रसिद्ध हिशेब आणि संस्थानिकाच्या खाजगी खर्चास मर्यादा या तिच्या मुख्य मागण्या होत. भोरमध्ये रघुनाथराव शंकरराव (कारकीर्द १९२२–४८) यांच्या काळात विधिमंडळ अस्तित्वात आले, पण त्याचे अधिकार मर्यादित होते. शेजारच्या औंध संस्थानात १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने संविधान अंमलात येऊन ग्रामपंचायतींच्या पायावर सर्व सत्ता प्रजेकडे सोपविली गेली. एका प्रतिनिधी घराण्याने जे स्वेच्छेने केले ते सचिव घराण्याने का करू नये, हा प्रश्न भोरच्या प्रजेसमोर साहजिकच उभा राहिला.

संघ व विलीनीकरण : स्वातंत्र्य जवळ आले तेव्हा एकेक लहान संस्थान स्वतंत्रपणे टिकणे अशक्य आहे, हे दक्षिणेतील काही संस्थानिकांनी ओळखले. औंध, भोर, फलटण आदी संस्थानांनी १९४७ मध्ये आपसांत करारनामा करून संयुक्त दक्षिणी संस्थानाची योजना आखली. आपापले अधिकार एका सामाईक शासनाकडे सोपविण्याचा हा प्रयोग होता. परंतु घटक संस्थानांचा मुलूख एकसंध नव्हता, तो मुंबई प्रांताच्या जिल्ह्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. शिवाय प्रजापक्षाचा कल विलीनीकरणाकडे होता. संघ मूळ धरण्यापूर्वीच ही संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. भारतीय संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने राज्याकडून किताब देण्यास मनाई झाली आणि सव्विसाव्या दुरुस्तीने (१९७१) संस्थानिकांची मान्यता व तनखे रद्द झाले.

मूल्यमापन : अडीचशे वर्षांच्या काळात भोरची सत्ता क्रमाने तीन लेखांवर उभी होती : छत्रपतींची सनद (१६९७), कंपनीचा करार (१८२०) आणि संस्थानिकांचा आपसांतील करारनामा (१९४७). या तिन्हींवर रयतेची निशाणी नाही. पहिल्या लेखामागे स्वराज्य वाचविण्याची तळमळ होती, दुसऱ्यामागे परकीय सत्तेची सोय आणि तिसऱ्यामागे काळाची ओळख. शंकराजी नारायण यांच्या कर्तृत्वाने स्वराज्याच्या अत्यंत बिकट काळात मावळ मराठ्यांच्या हाती राहिले, याचे श्रेय त्यांना निःसंशय द्यावे लागते. परंतु सेवेचा मोबदला म्हणून पद वंशपरंपरेने दिले, म्हणजे दोनतीन पिढ्यांत सेवा संपते आणि मोबदला तेवढा उरतो, हा या संस्थानाच्या इतिहासाचा निष्कर्ष होय. १९५० मध्ये अंमलात आलेल्या संविधानाने रोहिड खोऱ्यातील व कानद खोऱ्यातील प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मताचा अधिकार दिला. महजरावर नांगराची निशाणी करण्याचा अधिकार ज्यांच्या पूर्वजांस होता त्यांना, आणि ज्यांच्या पूर्वजांस तो कधीच नव्हता त्यांनाही, तो सारखाच मिळाला.